उणे पाच

गेल्या महिन्यात आमच्या हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि माझी झोप उडाली. तुम्ही म्हणाल, बायकोवर फार जीव दिसतो. जीव आहेच, पण झोप उडण्याचं कारण ते नव्हे. हल्ली मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे केस कापून घेण्यासारखं झालं आहे. सकाळी जायचं आणि दुपारी घरी येऊन मऊ वरणभात जेवायचा. माझी काळजी निराळी होती. डॉक्टर तिला म्हणाले होते, "आजी, आतली जुनी काच काढून नवी बसवणार. नंबरही तिच्यातच घालून टाकू. लांबचा चष्मासुद्धा बहुतेक लागणार नाही. सगळं कसं लख्ख दिसेल बघा!" 'सगळं' म्हणताना त्यांनी हात गोल फिरवला आणि त्या हाताच्या टप्प्यात मी बसलो होतो.

हिला गेली तीन-चार वर्षं सगळं धुरकट दिसतं. मोतीबिंदूचा हा एक मोठा गुण आहे, आणि नवऱ्यांच्या दृष्टीने त्याचं म्हणावं तेवढं कौतुक झालेलं नाही. या तीन-चार वर्षांत माझे उरलेसुरले केस डोक्यावरून उतरून कानांत राहायला गेले. उजव्या गालावर एक काळा डाग उमटला. पुढचा एक दात पडला आणि त्याच्या जागी जो बसवला तो बाकीच्यांपेक्षा इतका पांढरा आहे, की पाहुणा आलेला लगेच ओळखू येतो. हे सारं तिने धुक्यातून पाहिलं होतं. आता धुकं उठणार होतं.

आमची लेक मानसशास्त्र शिकवते. म्हणजे कॉलेजात शिकवते. घरीही शिकवते, पण त्याचे पैसे मिळत नाहीत. तिला मी चेष्टेत म्हटलं, "तुझ्या आईला आता मी स्पष्ट दिसणार. आमचं काही खरं नाही."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला तुमच्या दिसण्याचा न्यूनगंड आहे."

न्यूनगंड कसला? पुरावा आहे! मी नाक वडिलांच्या घराण्याकडून घेतलं आणि कान आईच्या. दोन्ही घराण्यांनी देताना हात आखडता घेतला नाही. उलट ही! अजूनही कुठल्या लग्नाकार्याला आम्ही जोडीने गेलो की लोक आधी हिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात, पुन्हा हिच्याकडे पाहतात आणि मनातल्या मनात एक वजाबाकी करतात. आमच्या लग्नात तर हिच्या एका आत्याबाईंनी भर मांडवात शेजारणीला विचारलं होतं, "मुलाची शेतीवाडी बरीच असेल, नाही?" माझी शेतीवाडी म्हणजे गॅलरीतली तुळस.

पण खरी गोष्ट अशी, की माझी भीती आजची नव्हती. ती १९७९ सालची होती. तिकडेच जावं लागेल.

त्या काळी लग्नाच्या बाजारात रूप ही फक्त मुलींनी आणायची वस्तू होती. मुलाने पगार आणायचा. वर्तमानपत्रातल्या जाहिराती 'गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस, गृहकृत्यदक्ष' अशा मुली मागायच्या, आणि मागणाऱ्याबद्दल लिहिलेलं असायचं 'कायम नोकरी, स्वतःची जागा.' तो दिसतो कसा, हा प्रश्न कंपोझिटरलासुद्धा पडत नसे. मुलीच्या रंगाला मराठीने जेवढे शब्द दिले तेवढे आकाशालाही दिले नसतील. लख्ख गोरी, गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ, उजळ सावळी, सावळी पण तरतरीत. काळी मुलगी त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात एकही नव्हती. निदान विवाहमंडळाच्या फायलींत तरी नव्हती. (फेअर अँड लव्हली क्रीम आपल्याकडे १९७५ साली आलं आणि २०२० साली त्याने आपल्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला. पंचेचाळीस वर्षं लागली. तोवर ट्यूब लावणाऱ्या मुलींच्या मुली ट्यूब लावायला लागल्या होत्या.) आणि फॉर्मच्या शेवटी एक लहानसा रकाना असे : चष्मा आहे / नाही. या रकान्याने किती मुलींना घरी बसवलं असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही.

अस्मादिकांनी तोवर सात मुली पाहिल्या होत्या. पाहायला तिघे जात असू : आई, काका आणि मी. पसंत-नापसंत आई ठरवी, त्याला कारण काका देत आणि पोस्टकार्ड मी लिही, कारण माझं अक्षर चांगलं होतं. 'पत्रिका जुळत नसल्याने योग दिसत नाही. क्षमस्व.' सात पोस्टकार्डांनंतर मला हा मजकूर डोळे मिटून लिहिता येऊ लागला होता.

आठवं स्थळ साताऱ्याचं होतं. तिच्याकडून फोटो आला आणि आमच्याकडून फोटो गेला. हा माझा फोटो हे एक प्रकरणच आहे. स्टुडिओवाल्याने मला आपल्याजवळचा कोट घातला, एका खांद्याने पुढे बसवलं आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिल घेऊन असा काही बसला, की माझे कान मागे गेले, नाक आटोपशीर झालं आणि कपाळावर जिथे केस नव्हते तिथे केस आले. फोटो पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी यांच्यासारखा दिसतोस," ती म्हणाली. वडीलही तसे दिसत नव्हते, पण तो विषय नको. एवढं सांगतो, की साताऱ्याला आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्यावरून नजर काढून जिन्याकडे पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "मुलगा मागनं येतोय का?"

सातारला आम्ही एस.टी.ने गेलो होतो. त्या वेळी खंबाटकीला बोगदा नव्हता. घाटातली सगळी वळणं आपली आपणच सोसायची. आमचा ड्रायव्हर तर वळणावर वळणाकडे न पाहता कंडक्टरकडे पाहून बोलत होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दरी, अशा अवस्थेत मी घाट पार केला. खुर्चीवर जाऊन बसलो तरी माझी छाती धडधडत होती. तेवढ्यात पडदा हलला आणि ही पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

काय सांगू! तिचं ते चालणं! एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. नजर खाली नाही, वरही नाही, आमच्या सगळ्यांच्या पलीकडे कुठेतरी लागलेली. दूर क्षितिजावरचं काहीतरी पाहणारे ते स्वप्नाळू डोळे. त्या डोळ्यांत मला कविता दिसली, संगीत दिसलं. आईला त्यांतच विनय दिसला. "बघ, कशी इकडे-तिकडे बघत नाही," ती माझ्या कानात म्हणाली. काकांना शालीनता दिसली. तीन माणसांनी त्या एका नजरेत तीन निरनिराळे सद्गुण पाहिले.

प्रत्यक्षात त्या नजरेत काहीच नव्हतं, कारण तिला काहीच दिसत नव्हतं. तिचा नंबर उणे पाच होता.

ज्यांच्या घरात चष्मा नाही त्यांच्यासाठी सांगतो. उणे पाच म्हणजे डोळ्यापासून वीस सेंटिमीटर, साधारण वीतभर अंतरापर्यंतचं स्वच्छ दिसतं. पुढे जे काय असेल ते ईश्वरावर भरवसा ठेवून. अकरा ठिकाणांहून नकार आल्यावर तिच्या आईने निदान केलं, की चष्मा आड येतो. म्हणून त्या दिवशी चष्मा सकाळीच काढून ठेवला होता. सकाळीच, कारण नाकावरचे वळ जायला तीन-चार तास लागतात. धाकट्या भावाने तिची तालीम घेतली होती : दारापासून सहा पावलं, मग डावीकडे, टेबलाची कड लागली की ट्रे ठेवायचा. कविता, विनय आणि शालीनता ती हीच.

लेकीला ही हकिगत लहानपणापासून पाठ आहे, पण आता ती शिकलेली असल्यामुळे तिला ती शास्त्रीय वाटते. ती म्हणते, "बाबा, हा तर हॅलो इफेक्ट." आम्ही फोनवर म्हणतो तो हॅलो नव्हे; देवादिकांच्या डोक्यामागे असते ती प्रभावळ. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं, की लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देतात तेव्हा एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतींत चांगला वाटतो. पुढे १९७२ साली डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर या तीन विदुषींनी तोच प्रकार चेहऱ्यांवर करून पाहिला. नुसते फोटो दाखवून लोकांना विचारलं, की ही माणसं स्वभावाने कशी असतील? देखण्या माणसांचा स्वभाव चांगला, नोकरी चांगली, संसार सुखाचा, असं लोकांनी धडाधड सांगून टाकलं. फक्त आईबाप म्हणून ती अधिक चांगली ठरतील असं काही त्यांना वाटलं नाही. तेवढं तारतम्य शिल्लक होतं म्हणायचं.

"आणि तुमची छातीतली धडधड," लेक पुढे म्हणाली, "तीसुद्धा खंबाटकीची."

याचाही प्रयोग आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाच्या दरीवर एक झुलता पूल आहे. डटन आणि ॲरन या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तो पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी भेटायची, एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि काही शंका असल्यास म्हणून आपला फोन नंबर द्यायची. हलत्या पुलावर नंबर घेतलेल्या अठरा जणांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. साध्या भक्कम पुलावरच्या सोळांपैकी दोघांनी. छाती धडधडत होती दरीमुळे आणि गड्यांना वाटलं, बाईमुळे! हे ऐकल्यापासून मी त्या ड्रायव्हरचा विचार करतो. तो जर सरळ समोर बघून गाडी चालवणारा असता तर आज मी कुठे असतो?

मी तिला रूपावरून पसंत केलं, यात मला कधी चोरी वाटली नाही. सगळेच करतात. परदेशात, जिथे मुलं-मुली आपापलं ठरवतात, तिथेही काही निराळं नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९६६ सालच्या प्रयोगात ७५२ नवीन विद्यार्थ्यांना नाचाच्या कार्यक्रमाला बोलावलं आणि सांगितलं, की कॉम्प्युटरने तुमच्या आवडीनिवडी जुळवून जोड्या लावल्या आहेत. वास्तविक जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटेल तशा लावल्या होत्या. नियम एकच पाळला : मुलगा मुलीपेक्षा बुटका नको. (बघा! अमेरिका झाली तरी काय झालं!) तिकिटं घ्यायला आलेल्या मुलांच्या रूपाला चौघा जणांनी गुपचूप मार्क दिले होते. कोणाला कोणाशी पुन्हा भेटावंसं वाटतं, हे नंतर पाहिलं तेव्हा हुशारी, स्वभाव, परीक्षेतले गुण यांपैकी कशाचाही उपयोग झाला नव्हता. रूप तेवढं चाललं. म्हणजे आमच्या आईचं आणि मिनेसोटा विद्यापीठाचं एकमत होतं. फरक एवढाच, की आईने नमुना म्हणून आठच मुली घेतल्या.

मात्र आमची जोडी शास्त्रात बसत नाही, हे लेकीने पुढे कबूल केलं. शास्त्र म्हणतं, माणसं साधारण आपल्या तोलाचं रूप गाठतात. हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी २०१५ साली १६७ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळख झाल्याझाल्या ज्यांचं जमलं त्यांचं रूप एकमेकांच्या तोलाचं निघालं. उलट जी माणसं आधी बरेच दिवस एकमेकांना ओळखत होती आणि मग जुळली, त्यांच्यात देखणी आणि सामान्य अशा विजोड जोड्या जास्त. सहवासात माणूस दिसायला लागतो, तो निराळाच, असं त्याचं कारण. ठीक आहे. पण आमची ओळख वीस मिनिटांची, त्यांतली दहा पोह्यांत गेलेली, आणि रूपाच्या बाबतीत तर जमीन-अस्मानाचं अंतर! मग जमलं कसं?

याचं उत्तर मला लग्नानंतरच मिळालं होतं. लग्न झालं १९७९ च्या मे महिन्यात. भटजींनी अंतरपाट दूर केला तो माझ्या बाजूने दूर झाला. तिच्या बाजूला तो होताच. हार माझ्या एका कानावर अडकला, पण माझा कान ही अशी गोष्ट आहे, की हार कुठूनही टाकला तरी तिथेच अडकायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही. सत्यनारायण झाला. पाहुणे गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो आणि ही समोर तांदूळ निवडायला बसली. दोन मिनिटं ताटाशी नाक लावून पाहिलं, मग उठली, ट्रंकेतून रुमालात गुंडाळलेला एक चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. काचा पेल्याच्या बुडासारख्या. तिने खडे काढले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. डाव्या कानापासून सुरुवात करून उजव्या कानापर्यंत.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

त्या 'बरं'चा अर्थ मी आज पंचेचाळीसहून अधिक वर्षं लावतो आहे.

आईने दोन दिवस अबोला धरला. "फसवलं," असं ती शेजारी सांगून आली. पण माझा फोटो भिंतीवरच होता. तो पाहिल्यावर शेजाऱ्यांनी विषय बदलला. मी मात्र हिला विचारलंच, "मग तू 'हो' म्हटलंस ते काय बघून? फोटो बघून?"

"फोटो बघून काय ठरवायचं?" ती म्हणाली. "बारा फोटो पाहिले. त्यांतल्या चौघांच्या अंगात तोच कोट होता."

"मग?"

"मीठ," ती म्हणाली.

झालं होतं असं, की चष्म्याशिवाय केलेल्या त्या पोह्यांत मीठ पडायचं राहिलं होतं. आई "छान झालेत हं" म्हणाली. काकांनी दुसऱ्यांदा घेतले. मला ते उतरेनात. म्हणून ती ट्रे उचलायला आली तेव्हा मी हळूच विचारलं होतं, "थोडं मीठ मिळेल का?"

"आधीच्या अकरा जणांनी 'वा, छान' म्हणत पोहे खाल्ले," ही म्हणाली, "आणि आठ दिवसांनी पोस्टकार्ड. पत्रिका जुळत नाही. तुम्ही मीठ मागितलंत. म्हटलं, हा दिसायला कसाही असो, याला जे सांगायचं ते हा तोंडावर सांगेल. पोस्टकार्डावर नाही."

मी काही बोललो नाही. त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या पोस्टकार्डांपैकी तीन शिल्लक होती. ती मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन वाटून टाकली.

तर माझी झोप उडाली ती यामुळे. माझ्या कानांना आणि नाकाला ती पाचव्या दिवशीच 'बरं' म्हणून मोकळी झाली होती. पण मी तिच्या एका नजरेत जशी नसलेली कविता पाहिली, तसाच तिने माझ्या एका मिठाच्या चिमटीत एक नसलेला माणूस पाहिला होता. मला माझी चूक पाच दिवसांत कळली. तिला तिची कळलेली नव्हती. ती प्रभावळ डोक्यामागे घेऊन मी इतकी वर्षं घरात वावरत होतो, आणि ती जड होते हो! भाजी बिघडली तर बिघडली म्हणून सांगावं लागतं, साडी आवडली नाही तर नाही म्हणावं लागतं. एखाद्या गोष्टीसाठी मी थाप मारायला तोंड उघडावं तर ही पाहुण्यांना सांगत असायची, "आमच्याकडे यांच्या पोटात काही राहत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात जाऊन बसलो. बाकावर सात-आठ म्हातारी माणसं ओळीने बसलेली, ज्याचा जो डोळा त्या डोळ्याच्या वर कपाळाला चिकटपट्टी. दर दहा मिनिटांनी नर्स येऊन थेंब घालून जाई. बाहुली मोठी व्हावी म्हणून घालतात ते थेंब. चष्मा काढून पिशवीत ठेवलेला. थोड्या वेळाने ही म्हणाली, "आता काही म्हणजे काही दिसत नाही बाई." आणि समोरच्या भिंतीच्या पलीकडे कुठेतरी पाहत राहिली. तीच नजर! १९७९ नंतर आम्ही दोघं प्रथमच पुन्हा त्या स्थितीत बसलो होतो.

मी म्हटलं, "अगं, एक सांगायचं होतं."

"गॅस बंद केलाय मी."

"ते नव्हे. ती पोस्टकार्डं... मीही लिहिली आहेत. तुझ्याआधी. सात."

ती काही बोलली नाही. नर्स आली, थेंब घालून गेली.

"पत्रिका जुळत नाही?"

"हो."

"पाहिल्या होत्या पत्रिका?"

"नाही."

एकदा तोंड उघडल्यावर मग राहवेना. "त्यांत एक चष्म्याची होती," मी म्हटलं. "नारायण पेठेत. चांगली होती गं. बोलत होती छान, वाचन माझ्यापेक्षा जास्त होतं. मला आवडली होती. जिना उतरताना आई म्हणाली, चष्मा आहे, पुढे मुलांनाही लागेल. मी घरी येऊन कार्ड लिहिलं."

"नाव काय तिचं?"

मी आठवायला लागलो. जिना आठवला. जिन्याचा कठडा सैल होता तो आठवला. त्या घरच्या शिऱ्यात केळं होतं ते आठवलं. तिच्या चष्म्याची काळी फ्रेम आठवली, तिच्या हसण्याचा आवाज आठवला. नाव काही आठवेना.

"नाही आठवत," मी म्हटलं.

"मला अकराही नावं आठवतात," ही म्हणाली.

नावं तिने घेतली नाहीत. पण मांडीवरच्या हाताची बोटं एकेक करून हलली, आधी उजव्या हाताची, मग डाव्या हाताची, आणि शेवटी पुन्हा उजव्याचा अंगठा. मी त्या बोटांकडे पाहत बसलो. तोंडावर सांगणारा माणूस! सांगितलं खरं, पण पंचेचाळीस वर्षं उशिरा, आणि तेही तिला माझं तोंड दिसत नसताना.

"आजी, चला," नर्सने हाक मारली.

ही उठली. मी हात दिला. तो तिने घेतला. आधी जरा वेळ घेतला नाही असं मला वाटलं, पण तिला दिसतच नव्हतं, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

"किती पावलं आहेत?" तिने विचारलं.

मी मोजली. "सहा. मग डावीकडे."

ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण काढलं. डॉक्टरांनी "आजी, काय दिसतंय?" म्हणून विचारायच्या आत तिला समोरचा आरसा दिसला. "अगंबाई," ती म्हणाली, "या सुरकुत्या कधी आल्या?" डॉक्टर म्हणाले, सगळ्या पेशंट बायका पहिल्यांदा हेच म्हणतात. पुरुष काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

रिक्षात ती पाट्या वाचत आली. घरी आल्यावर पडद्यांपाशी उभी राहिली. आमचे पडदे मोतिया रंगाचे आहेत असं ती चार वर्षं समजत होती, ते पांढरे निघाले. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "या इकडे. उजेडात या."

मी गेलो. तिने आधी एका डोळ्यावर तळहात धरून माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यावर धरून पाहिलं. जुन्या डोळ्याने, मग नव्या डोळ्याने, पुन्हा जुन्या डोळ्याने. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत. मधे दातापाशी थोडी थांबली.

"कानांतले केस कापून या आज," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.

तेवढ्यात तिची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली. "आणि हा पंखा कधी पुसला होता शेवटचा? दिवाळीला पुसला म्हणून सांगितलं होतंत ना मला?"

मी तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही सुचलं नाही. मी स्टूल आणलं, फडकं ओलं केलं आणि तिला म्हटलं, "तू आत जा, डोळ्यात धूळ जाईल." ती आत गेली नाही. दारात जाऊन उभी राहिली, काळा चष्मा लावून, आणि तिथून बघत राहिली.

"त्या पलीकडच्या पात्याचं टोक राहिलं," ती म्हणाली.